खाडीकाठी घड्याळ दुरुस्तीचा छंद: पहिलं घड्याळ कोणतं घ्यावं, आणि पावसाळ्यात गंजाचं काय करावं?

खाडीकाठ_गुहागर

नमस्कार मंडळी. मनगटी घड्याळांची दुरुस्ती छंद म्हणून शिकायची आहे, धंदा करायचा नाही. चावीचं घड्याळ पूर्ण उघडून, साफ करून, तेल देऊन पुन्हा नीट चालू करता यावं, एवढंच हवं आहे. चार गोष्टी विचारायच्या आहेत.

बंद पडलेली पाच-सहा जुनी घड्याळं एकगठ्ठा स्वस्तात मिळत आहेत. त्यांच्यावर हात बसवावा का? हत्यारांत कशावर पैसे खर्च करावेत आणि कशात वाचवावेत? घरात शिलाई मशीनचं तेल आहे, ते चालेल का? आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे घर खाडीला लागून आहे. उघडा ठेवलेला खिळा पावसात आठवड्याभरात लाल होतो. जून ते सप्टेंबर हे काम बंदच ठेवावं का?

सतरा_ज्वेल

बंद घड्याळं घेऊ नका. पहिलं घड्याळ चालू स्थितीतलंच घ्या. बंद घड्याळ उघडून जोडलं आणि ते चाललं नाही, तर दोष मुळातला की तुमच्या हातून झालेला, हे कळायला मार्ग राहत नाही. चालणारं घड्याळ जोडल्यावर थांबलं, तर चूक जोडण्यातच आहे हे नक्की असतं आणि ती शोधता येते. त्या गठ्ठ्यातली घड्याळं सहा महिन्यांनी घ्या, तीही सुट्या भागांसाठी.

आपल्याकडे सर्वांत सोयीचं म्हणजे एचएमटी जनता किंवा त्याच ०२३१ मशीनचं दुसरं मॉडेल. सतरा ज्वेलचं (ज्वेल म्हणजे चाकांच्या आसांची टोकं ज्यात फिरतात ते छोटे दगड), तासाला १८,००० ठोक्यांचं (म्हणजे सेकंदाला पाच), मुळात सिटिझनच्या रचनेवरचं मशीन आहे. कंपनी बंद झाली असली तरी घड्याळं इतकी बनली आहेत की सुटे भाग जुन्या मशीनमधून सहज मिळतात. फक्त ऑनलाइन मिळणारी चकचकीत, रंगीबेरंगी डायलची 'नवीकोरी' एचएमटी टाळा. बऱ्याचदा डायल नव्याने रंगवलेली असते आणि आत तीन घड्याळांचे भाग एकत्र केलेले असतात. डायल थोडी पिवळट झालेली पण मूळची असेल तर ती घ्या. डोळ्यांना बारीक काम जड जात असेल तर ६४९७ जातीचं चिनी मशीन सुटं मिळतं, तेही सतरा ज्वेलचंच. त्याचा व्यास ३६.६ मिलिमीटर आहे, त्यामुळे स्क्रू आणि चाकं मोठी असतात.

हत्यारांत पैसा तीन ठिकाणी घाला: स्क्रू ड्रायव्हर, चिमटे, आयग्लास. ड्रायव्हर ०.८, १.०, १.२, १.४ आणि १.६ मिलिमीटरचे पुरतात. पात्याची रुंदी स्क्रूच्या डोक्याइतकी हवी. अरुंद पातं खाच कुरतडतं, जास्त रुंद पातं बाजूची प्लेट ओरबाडतं. पातं बोथट झालं की तेल-दगडावर घासून धार सरळ करायची, हे पहिल्या दिवसापासून शिका. चिमटे दोन घ्या. एक जाड टोकाचा रोजच्या कामाला आणि एक बारीक टोकाचा, पाच नंबरचा, तो फक्त हेअरस्प्रिंगसाठी (बॅलन्स या झुलणाऱ्या चाकाची केसासारखी बारीक स्प्रिंग) राखून ठेवायचा. आयग्लास ४ किंवा ५ पटीचा कामाला आणि १० पटीचा तपासणीला. ५ पटीच्या काचेला वस्तू डोळ्यापासून सुमारे पाच सेंटिमीटरवर धरावी लागते आणि १० पटीच्या काचेला अडीचवर, म्हणून १० पटीची लावून हत्यार चालवता येत नाही.

वाचवायचं ते टेबलात. नेहमीचं टेबल ७५ सेंटिमीटर उंच असतं. या कामाला ९० ते ९५ हवं, म्हणजे पाठ न वाकता कोपर टेकतात. टेबलावर चौरंग ठेवला की काम होतं. सोनार मांडीवर कातडं ताणतो तसं एक पांढरं कापड टेबलाच्या कडेला टाचून दुसरं टोक कमरेला खोचा. सुटलेला स्क्रू लाल कोब्यावर गेला तर संपलं, कापडात पडला तर सापडतो. भाग ठेवायला सात कप्प्यांचा औषधाच्या गोळ्यांचा डबा घ्या आणि प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा.

उघडताना सर्वांत आधी कमान (घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग) उतरवायची, म्हणजे तिचा ताण सोडायचा. चावी बोटांत घट्ट धरून खटका (कमानीवरचं दातेरी चाक अडवणारा तो छोटा क्लिक) चिमट्याने बाजूला करायचा आणि चावी बोटांतून हळूहळू फिरू द्यायची. हे विसरून पॅलेटचा (चाकांना एकेक दात पुढे सोडणारा भाग) ब्रिज, म्हणजे वरची पट्टी, उचलला तर सगळी चाकं एकदम सुटतात आणि दातांचं किंवा आसांच्या टोकांचं नुकसान होतं. मग चावीचा दांडा काढायचा. काही मशीनमध्ये बटण दाबायचं असतं, काहींत स्क्रू सैल करायचा असतो. स्क्रू असेल तर एक-दीड फेराच फिरवा. पूर्ण काढला तर पलीकडची सेटिंग लिव्हर सुटते आणि तेवढ्यासाठी डायल उतरवावी लागते. काटे काढताना डायलवर प्लास्टिकचा तुकडा मधून चिरून घाला, नाहीतर ओरखडा कायमचा राहतो.

पुढे बॅलन्स, मग कमान उतरली आहे याची पुन्हा खात्री करून पॅलेट, मग बॅरल (कमानीची डबी) आणि चाकांचे ब्रिज. बॅलन्स कॉकला (त्याला वरून धरणाऱ्या पट्टीला) लटकता ठेवून गप्पा मारत बसू नका, हेअरस्प्रिंग ताणली जाते. क्राउन व्हीलचा (चावीचं फिरणं कमानीकडे नेणारं चाक) स्क्रू अनेक मशीनमध्ये उलट्या आट्याचा असतो. कधी त्यावर तीन खाचा असतात, कधी काहीच खूण नसते. नेहमीच्या दिशेला सुटत नसेल तर जोर न लावता उलट फिरवून पाहा. या एका स्क्रूची डोकी नवशिक्यांच्या हातून सर्वांत जास्त तुटतात.

शिलाई मशीनचं तेल अजिबात नको. ते पसरतं, ज्वेलच्या वाटीत टिकत नाही आणि वर्षभरात चिकट होतं. घड्याळाचं तेल आणा: मोबियस कंपनीचं ९०१० वेगवान चाकांच्या आणि बॅलन्सच्या ज्वेलला, ९४१५ पॅलेटच्या दगडांना, एचपी १३०० बॅरल आणि मधल्या संथ चाकाला, ८२०० कमानीला. एकेका बाटलीची किंमत जुन्या घड्याळाच्या आसपास जाते, पण २ मिलिलिटरमध्ये शेकडो घड्याळं होतात. सुरुवातीला ९०१० आणि एचपी १३०० एवढी दोन घेतलीत तरी चालेल. ज्वेलची वाटी निम्मी भरली की पुरे. पॅलेटच्या आसाच्या टोकांना (दगडांना नव्हे), चाकांच्या दातांना आणि हेअरस्प्रिंगला तेल लावायचं नसतं. जास्त तेल घातल्याने बिघडलेली घड्याळं कमी तेलाने बिघडलेल्यांपेक्षा जास्त दिसतात.

चिमटा_नं_५

वरचं सगळं मान्य. पावसाळ्याचं मी लिहितो, कारण किनाऱ्यावर हीच गोष्ट सर्वांत जास्त नडते.

काम बंद ठेवायची गरज नाही, पण उघडं मशीन रात्रभर टेबलावर राहता कामा नये. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलादाला गंज वेगाने धरतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे ती ८५-९० असते. त्यात हवेतलं मीठ धातूवर बसलं की ते ओलावा ओढून घेतं, त्यामुळे आणखी कमी आर्द्रतेतही गंज सुरू होतो. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा घ्या, तळाला सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ५० च्या खाली राहिला पाहिजे. रंग बदलणारी सिलिका घ्या, म्हणजे ओली झालेली कळते. ती ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवली की पुन्हा कामाला येते. चिमटे आणि ड्रायव्हरही त्याच डब्यात ठेवा. गंजलेल्या चिमट्याचे कण मशीनमध्ये जातात.

एक बारकी गोष्ट शिकवताना बऱ्याचदा सांगायची राहून जाते. भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलमधून काढला की ते झपाट्याने उडतं, भाग थंड पडतो आणि दमट हवेत त्यावर दव बसतं. डोळ्याला दिसत नाही, पण दुसऱ्या दिवशी स्क्रूच्या डोक्यावर तपकिरी ठिपका येतो. म्हणून पावसात शेवटच्या धुण्यानंतर हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून द्या, हाताला सोसेल इतकीच. फुंकर मारायची नाही, रबरी फुगा वापरा. अल्कोहोल ९९ टक्क्यांचं हवं. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेलं बरचसं पाणीच असतं.

आणि अल्कोहोलमध्ये पॅलेट आणि बॅलन्स भिजत घालू नका. पॅलेटचे दगड आणि बॅलन्सखालचा रोलर ज्वेल लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. त्या दोघांना नाफ्था वापरा, म्हणजे लायटरमध्ये भरतात ते. बाकी भाग झाकणाच्या काचेच्या बरणीत नाफ्थात पाच-दहा मिनिटं ठेवून मऊ ब्रशने घासा, मग स्वच्छ अल्कोहोलमधून काढा. नाफ्थाची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ज्योतीनेही पेटते. खोलीत समई, उदबत्ती, गॅस काही नको, खिडकी उघडी हवी.

ज्वेलच्या भोकांसाठी पेगवुड (भोकं साफ करायची लाकडी काडी) आणा. झाडूचा हीर तासून वापरायचा मोह होईल, पण त्याचे धागे सुटतात. बॅलन्सच्या टोकाची जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते, तिथे एक धागा घड्याळ थांबवायला पुरतो.

बोटांना रबरी टोप्या घाला. घामात मीठ असतं आणि बोटाचा ठसा पॉलिश केलेल्या ब्रिजवर कायमचा उमटतो.

लंबकवाला_देवगड

माझं मत थोडं वेगळं आहे. मनगटी घड्याळाला हात घालण्याआधी सेलवरचं भिंतीवरचं घड्याळ एकदा उघडा. आपल्या भागात त्याचा नेहमीचा आजार म्हणजे सेलच्या पट्टीवर चढलेला हिरवा-पांढरा थर. सेल गळला की त्यातला अल्कलीचा द्राव पट्टी खातो. कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर लावा, फसफस थांबली की ओल्या बोळ्याने पुसा, वरून अल्कोहोल फिरवून वाळवा. मनगटी क्वार्ट्झमध्ये सेल बदलताना एसआर६२६एसडब्ल्यू आणि एलआर६२६ एकाच मापाचे दिसतात, पण एसआर म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड. त्याचा १.५५ व्होल्टचा दाब शेवटपर्यंत टिकतो आणि तो कमी गळतो. स्वस्त एलआर घालू नका.

घरात जुनं लंबकाचं घड्याळ असेल तर त्याची कमान मात्र एकट्याने काढायला जाऊ नका. ती मनगटी घड्याळाच्या कमानीसारखी नसते, सुटली तर हात फाडते. उतरवायची किल्ली असल्याशिवाय प्लेटा उघडायच्या नाहीत. पण चालतं-चालतं थांबणाऱ्या लंबकाच्या घड्याळाचा दोष बऱ्याचदा मशीनमध्ये नसतोच. जांभ्याच्या भिंती ओळंब्यात नसतात आणि सागवानी पेटी पावसात फुगून हलते. डोळे मिटून ऐका. टिक आणि टॉकमधलं अंतर सारखं येईपर्यंत पेटी खालून डावी-उजवी सरकवा आणि तिथे भिंतीवर पेन्सिलीने खूण करा. घड्याळ पुढे जात असेल तर लंबकाचा गोळा खाली, मागे पडत असेल तर वर.

सतरा_ज्वेल

@लंबकवाला_देवगड, क्वार्ट्झ उघडून हात बसतो हे खरं, पण त्यात पॅलेट नाही, हेअरस्प्रिंग नाही, आणि शिकायचं तर नेमकं तेच आहे. एक संध्याकाळ द्यायला हरकत नाही, त्याहून जास्त नको.

खाडीकाठ_गुहागर

सर्वांचे आभार. चालू एचएमटी घेऊन पाच वेळा तेल न देता उघडून-जोडून झालं. सहाव्या वेळी धुऊन तेल दिलं. टायमिंग मशीनवर (टिकटिक ऐकून मोजणारं यंत्र) पूर्ण चावी दिल्यावरचे आकडे असे (सेकंद दिवसाचे, ऍम्प्लिट्यूड म्हणजे बॅलन्सचा झोका अंशांत, बीट एरर म्हणजे टिक आणि टॉकच्या अंतरांतला फरक):

डायल वर: +८ सेकंद, ऍम्प्लिट्यूड २६०
डायल खाली: +११ सेकंद, ऍम्प्लिट्यूड १९५
चावी खाली, उभं: −२० सेकंद, ऍम्प्लिट्यूड १९०
बीट एरर सगळीकडे २.४ मिलिसेकंद

पुन्हा सगळं उघडावं का?

चिमटा_नं_५

सगळं नको. आकडेच जागा दाखवत आहेत.

डायल वर असते तेव्हा बॅलन्स कॉकच्या बाजूच्या ज्वेलवर टेकून फिरतो. तिथे २६० आहे, म्हणजे कमान, चाकं, पॅलेट सगळं ठीक आहे. डायल खाली केली की तो डायलच्या बाजूच्या ज्वेलवर टेकतो आणि तिथे ६५ अंश गळतात. म्हणजे दोष त्या खालच्या ज्वेलमध्ये किंवा बॅलन्सच्या त्या टोकात. उभ्या स्थितीत २० ते ४० अंश कमी येणं स्वाभाविक असतं, ७० नाही. तेही त्याच टोकामुळे.

हेअरस्प्रिंग बॅलन्सच्या आऱ्यांना घासते का, ही दुसरी शक्यता. पण ती घासत असती तर डायल खाली केल्यावर घड्याळ खूप पुढे पळालं असतं. तुमचा फरक फक्त तीन सेकंदांचा आहे, म्हणून ती सोडून द्या.

बॅलन्स काढा आणि १० पटीच्या काचेखाली खालचं टोक पाहा. गोलसर, चकचकीत असेल तर ठीक. चपटं झालेलं किंवा वाकलेलं असेल तर स्टाफ (बॅलन्सचा आस) बदलावा लागेल, आणि ते सुरुवातीचं काम नाही. टोक चांगलं असेल तर डायलच्या बाजूचं पॅराशॉक (धक्का झेलणारी ज्वेलची बैठक) उघडा. त्याची स्प्रिंग केसाइतकी बारीक आणि उडणारी आहे, म्हणून मशीन आणि दोन्ही हात मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून ती सोडवा. वरचा सपाट दगड आणि भोकाचं ज्वेल दोन्ही वेगळे करून नाफ्थात धुवा. बहुतेक तिथे जुन्या तेलाचं पिवळं कडं राहिलेलं सापडेल. ज्वेल न काढता नुसतं बुडवून धुतलं की ते निघत नाही. सपाट दगडावर मधोमध ९०१० चा एक थेंब द्या, व्यासाच्या निम्म्याहून थोडा जास्त पसरेल इतका. काठापर्यंत गेला तर पुसून पुन्हा द्या, कारण काठाला लागलेलं तेल मधलं सगळं ओढून नेतं.

सतरा_ज्वेल

बीट एररबद्दल. २.४ जास्त आहे, ०.८ च्या आत आणा. कमान पूर्ण उतरवून बॅलन्स शांत उभा राहिला की पॅलेटची शेपटी तिला दोन्ही बाजूंनी अडवणाऱ्या खुंट्यांच्या बरोबर मध्ये हवी. ती एका बाजूला झुकलेली दिसेल. हेअरस्प्रिंगचं बाहेरचं टोक (स्टड) धरणारा हात सरकणारा असेल तर तो केसभर हलवा आणि मोजा. तो स्थिर असेल तर कोलेट (हेअरस्प्रिंगचं आतलं टोक धरणारं कडं) फिरवावा लागतो. बॅलन्स कॉकपासून सोडवायचा, कोलेटच्या फटीत बारीक पातं घालून दोन-तीन अंश फिरवायचा, परत बसवून मोजायचा. हेअरस्प्रिंगला पात्याचा धक्का लागला तर ती वाकडी होईल, म्हणून हे काम थकलेल्या हाताने करू नका. ०.८ आलं की थांबा, ०.१ च्या मागे लागून कोलेट सैल करू नका.

पुढच्या वेळी जोडताना एक चाचणी करा. चाकांचा ब्रिज बसवून पॅलेट लावायच्या आधी चावीचे दोन-तीन खटके द्या. चाकं सरसर फिरून शेवटी क्षणभर उलट झोक घ्यायला हवीत. तो उलटा झोक आला नाही तर कुठेतरी घर्षण आहे, पुढे जाऊ नका. आणि ब्रिजचे स्क्रू आवळताना बोट हलकं ठेवून एक चाक सतत फिरतं ठेवा. ते अडलं की तिथेच थांबा. एखादं टोक भोकात बसलेलं नसतं आणि आणखी पाव फेरा दिला की तुटतं.

खाडीकाठ_गुहागर

खालच्या ज्वेलवर पिवळं कडंच निघालं. आता डायल खाली २५५, उभं २२५, बीट एरर ०.६.

शेवटचा प्रश्न. शेजारच्या होडीवाल्यांचं एक घड्याळ समुद्रात भिजून आलं आहे, काचेच्या आत पाणी दिसतं. ते तांदळात ठेवायच्या बेतात आहेत.

चिमटा_नं_५

तांदळात नको. तांदूळ मीठ काढत नाही, उलट वेळ जातो, आणि खाऱ्या पाण्यात पोलाद काही तासांत तांबूस होतं. आजच उघडा.

मशीन बाहेर काढा, काटे आणि डायल बाजूला ठेवा (डायल पाण्यात घालायची नाही, छपाई जाते), कमान उतरवा. मशीन डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोनदा, दर वेळी ताज्या, खळबळून घ्या. बॅटरीवाल्याकडे मिळतं ते पाणी चालेल, आम्ल घातलेलं नाही ना तेवढं पाहा. मग लगेच ९९ टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये, बॅलन्स आणि पॅलेट वेगळे काढून त्यांना फक्त काही सेकंद. कोमट हवेने वाळवा आणि सिलिकाच्या डब्यात बंद करा. एवढं झालं की पूर्ण उघडून तेल द्यायला दोन-चार दिवस मिळतात.

उघडल्यावर आधी चावीचा दांडा, सेटिंगच्या स्प्रिंगा आणि कमान पाहा. पाणी चावीतून शिरतं म्हणून गंज तिथूनच सुरू होतो. वरवरचा तांबूसपणा काचतंतूच्या ब्रशने निघतो. खड्डे पडलेली कमान मात्र बदलाच, ती आज नाही तर महिन्याभरात तुटेल. जुनी कमान मोजताना उंची, जाडी आणि लांबी तिन्ही लिहून घ्या, नुसतं मॉडेलचं नाव सांगून दुकानात योग्य कमान मिळेल असं नाही.

बंद करताना मागच्या झाकणाचं रबर नवं घाला, त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात द्या, आणि चावीच्या आतलं रबरही तपासा. डायलवर ३० मीटर लिहिलेलं असलं तरी ते घड्याळ होडीवर नेऊ नका असं त्यांना सांगा. तो आकडा स्थिर दाबाचा असतो, हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरता. पोहायला किमान १०० मीटरचं हवं.

त्या घड्याळाचे काटे पिवळट जाड लेपाचे असतील आणि ते १९६० च्या आधीचं असेल, तर लेप खरडू नका, फुंकू नका. त्यात रेडियम असू शकतं. अंधारात चमकत नसलं तरी किरणोत्सर्ग शेकडो वर्षं चालू राहतो, आणि त्याची धूळ श्वासात जाणं हाच खरा धोका. काटे पिशवीत बंद करून ठेवा आणि मशीनचंच काम करा.